टिपणीसमास्तरांचा राष्ट्रसंघ

१९२१ साली टिपणीसमास्तर सयाजीगंजातल्या वसतिगृहाचे अधीक्षक म्हणून पहिल्यांदा अंगणात उतरले, तेव्हा त्यांच्या मिशा पाहून दोन टांग्यांचे घोडे उधळले आणि दचकलेल्या स्वयंपाक्याच्या हातून डाळीत आणखी एक घागर पाणी पडले, असे मुले शपथेवर सांगत.

"गाढवांनो," मास्तर गरजले, "तुम्हाला जगाचे नागरिक करून सोडतो!"

मग दर रविवारी भोजनगृहात राष्ट्रसंघ भरू लागला. प्रत्येक मुलाला एक देश मिळाला. अध्यक्ष अर्थातच मास्तर, आणि ती खुर्ची त्यांना जिवापेक्षा प्यारी. ठराव कसा मांडावा, मते कशी जमवावीत, प्रत वरिष्ठांकडे कशी धाडावी, हे सारे त्यांनी शिव्या घालत शिकवले. बंदी फक्त डाळीबद्दल बोलायची होती.

"जग जळतंय आणि तुम्हाला डाळ सुचते, खादाडांनो?"

एका रविवारी शरच्चंद्र प्रधान, म्हणजे जपान, उभा राहिला. "डाळ पातळ आहे असं बोलू न देणारा अध्यक्ष आम्हाला नको, असा माझा ठराव आहे."

"खाली बस, कार्ट्या!"

"बराबर छे," ब्राझील झालेला पेटलादचा पटेल म्हणाला. "माझं अनुमोदन."

एकेक देश हात वर करू लागला. मास्तरांनी आशेने बेल्जियमकडे पाहिले. बेल्जियम त्यांचा सख्खा भाचा होता.

"माफ करा, मामा," म्हणत त्यानेही हात वर केला.

"सभा बरखास्त!" मास्तर ओरडले. पण दुसऱ्याच दिवशी ठरावाची प्रत, त्यांनीच घोटून घेतलेल्या सुवाच्य अक्षरात, वरिष्ठांकडे गेली.

महिन्याभरात मास्तरांची अमरेलीला बदली झाली. तिथे ते निवृत्त होईपर्यंत चौथीला भूगोल शिकवत होते.