सरांच्या चौकटीतलं दगडफूल

माणूस मेला की त्याच्याविषयी चांगलं बोलावं, ही रीत मीराबाईंना मान्य होती. पण वर्षभर लोक उंदिरवाडे सरांविषयी जे चांगलं बोलत होते, ते ऐकून त्यांचं डोकं भणभणून जाई. कोणी म्हणे, सर वाघासारखे कडा चढत. कोणी म्हणे, भीती म्हणजे काय ते त्यांना ठाऊकच नव्हतं. ठाऊक नव्हतं म्हणे! दोराचं खालचं टोक ऐनाच्या झाडाला वेढा देऊन धरायच्या त्या मीराबाईच, आणि "मीरा, सोडू नोको वो!" ही वरून येणारी आरोळी त्यांच्याच कानांनी ऐकलेली. नवऱ्याला भीती वाटायची, तरी तो चढायचा. यातलं मोठेपण सांगायला मात्र एकालाही सुचत नव्हतं.

श्रावण उंदिरवाडे मूळचे चामोर्शीकडचे, धानाच्या बांधीत चिखल तुडवत वाढलेले. नागपुरात वनस्पतिशास्त्र शिकले आणि चंद्रपूरला कॉलेजात शिकवायला लागले. त्या काळी या मुलखात कड्यावर माणूस चढे तो मोहोळ काढायला, नाहीतर अडकलेली बकरी सोडवायला. सर विहिरीचा दोर कमरेला बांधून चढू लागले, तेव्हा गावात बोभाटा झाला, की मास्तर गुप्तधन काढतो. पोलीसपाटील चौकशीला आला. सर खाली उतरले आणि त्यांनी कागदाची पुडी त्याच्यापुढे उघडली. आत दगडफूल!

"मास्तर, मसाल्यासाठी जीव काऊन धोक्यात घालता?" पाटील कळवळून म्हणाला. "बाजारात भेटते ना!"

या गोष्टीवर सर जन्मभर हसले. मीराबाईही हसत, पण मनातून त्यांना राग येई. कारण पाटलाला कळलं नाही ते पुढे प्राध्यापकांनाही कळलं नाही. दगडफूल फार सावकाश वाढतं आणि हवा बिघडली की सगळ्यांच्या आधी तेच मरतं, एवढी साधी गोष्ट होती. सरांनी एकदा बाईंना स्कूटरवर बसवून कोळशाच्या ट्रकांच्या धुरळ्यातून घुग्घुसच्या खाणींकडे नेलं होतं. तिथला एक खडक दाखवून ते म्हणाले, "पाह्य, इथी काहीच नाई." खडक तुळतुळीत होता. बाईंना तेव्हाच खोकला लागला आणि नवऱ्याचं शास्त्रही कळलं.

मार्कंड्याच्या वाटेवर, जंगलातल्या एका कड्यावर सरांचं आवडतं दगडफूल होतं. खालून कोणाचा हात पोचू नये अशा जागी. त्याच्याभोवती त्यांनी छिन्नीनं चार कोपऱ्यांच्या खुणा करून चौकट आखली होती. दर हिवाळ्यात दोर घ्यायचा, वर जायचं, दगडफूल कुठवर सरकलं ते मोजायचं. खाली मीराबाई. पोटी मूल नव्हतं. लोक काय बोलायचे ते बोलले, पण या दोघांचं दर हिवाळ्याला कोणाचं तरी वाढणं बघायला जाणं चुकलं नाही.

सर गेले आणि बाईंना एकच घोर लागला. या हिवाळ्यात वर कोण जाणार?

सरांचा विद्यार्थी निकेश पुण्यानुमोदनाचा, म्हणजे वर्षाच्या पुण्यस्मरणाचा, कार्यक्रम ठरवायला आला, तेव्हा त्यांनी तेच विचारलं. "मले शाल नको, हार नको. तुमच्यातलं कोणी वर चढून ते दगडफूल मोजून द्या. तेवढं करा बाबा."

"बाई, तुमी फक्त या," निकेश म्हणाला. "कड्यावरचं सगळं आमी पाहून राह्यलो."

बाईंना बरं वाटलं. त्या दिवशी त्या वर्षभरात पहिल्यांदा पोटभर जेवल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी गाडी कड्याखाली थांबली. मंडप होता, बुद्धवंदनेसाठी मेणबत्त्या होत्या, लाऊडस्पीकर होता. बाईंनी उतरल्या उतरल्या वर पाहिलं. कड्याला बांबूची परांची लागलेली होती आणि चौकटीत बरोब्बर मावेल असं, निळ्याशार रंगात, सरांचं नाव लिहिलेलं होतं. खाली "शिलारोहक व शास्त्रज्ञ". आतला दगड तारेच्या ब्रशनं घासून आधी पांढराफेक केलेला.

"सरांनी जागा स्वतःच आखून ठेवली होती, बाई." निकेशचे डोळे भरून आले होते. "चार खुणा पाह्यल्या अन् मी समजून गेलो. सरांले नाव इथीच पाह्यजे होतं. लई कचरा चढला होता त्याच्यावर. पोरायनं दोन दिवस घासला."

बाईंना वाटलं, याच्या एक थोबाडीत द्यावी. पण पोर रडत होतं. खरंखुरं रडत होतं. रडणाऱ्याला मारायचं कसं?

भाषणं झाली. सर वाघासारखे चढत, हे पुन्हा एकदा झालं. वाघ परांची लावून चढत नाही, एवढंही कोणाच्या मनात आलं नाही. मग बाईंना दोन शब्द बोलायला उभं केलं.

"तुमी जे घासलं, तो कचरा नव्हता," त्या म्हणाल्या. "आमच्या सरांचं सगळं काम तेवढंच होतं. आता एक करा. हे नाव पुन्हा रंगवू नोका. याच्यावर दगडफूल येऊ द्या. नाव मिटलं तर मिटलं. जे आमी दोघं पाहत होतो, ते परत येईन."

पुढच्या रांगेतल्या एका बाईनं डोळ्याला पदर लावला. मीराबाईंना वाटलं, कळलं बहुतेक.

निकेश धावत आला. त्यानं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि माईक जवळ ओढून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाई, काईच काळजी करू नोका. सरांचं नाव मिटत नसते. कंपनीवाल्यानं गॅरंटी देल्ली, या रंगावर जन्मात काही धरत नाई."

टाळ्यांचा कडकडाट झाला.