धुतलेल्या आसरा

तव्यावर दुसरी भाकरी टाकली होती, अर्पिता केस पुसत न्हाणीतून बाहेर येत होती, एवढ्यात दाराची कडी कोणीतरी दणादणा वाजवली. उघडलं तर मागच्या गल्लीतली कडूबाई. रोज चहाला टेकणारी बाई, पण आज उंबऱ्याच्या आत यायला तयार नाही.

"तुमची शिकणारी पोरगी कुठं हाय?"

अर्पिता माझ्या बहिणीची मुलगी, जिंतूरची. परभणीला इतिहासात एम.ए. करते. "इतिहास शिकून काय राज्य करायचंय का?" हे तिला घरातल्या प्रत्येकानं विचारून झालंय. लहानपणी ही पोर कुठलीही वस्तू उघडून बघितल्याशिवाय सोडत नसे. माझ्या शिलाई मशीनचा जीव तिनेच घेतला. कॉलेजात आता इतिहास हातानंही शिकायचा असतो म्हणे. म्हणून आमच्या गावाबाहेरच्या बारवेचा, म्हणजे त्या पायऱ्यांच्या जुन्या विहिरीचा, एकेक दगड मोजून कागदावर उतरवायला ती माझ्याकडे येऊन राहिली होती. बरोबरची मुलं संध्याकाळच्या एसटीनं परत जात. ही गुडघाभर गाळ घेऊन माझ्या अंगणात येई.

आदल्या दुपारी तिने बारवेच्या कोनाड्यातल्या साती आसरा बाहेर काढल्या होत्या. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी. सात लहान दगड, शेंदरानं असे लिंपलेले की आतला दगड दिसूच नये. खाली कोरीव काम असेल म्हणून तिने ते सोड्याच्या पाण्यानं घासून लख्ख केले, त्यांची चित्रं काढली आणि पुन्हा ओळीनं मांडून ठेवले. सोडा माझ्याच घरातला.

"सविताला पहाटपासून कळा यायल्यात," कडूबाई म्हणाली. सविता तिची सून. "सातव्या महिन्यात कळा! तिकडं आसरा उघड्याबोडक्या बसल्यात अन् हिकडं माझ्या घरावर कोप."

"काकू, दवाखान्यात नेलं का?" अर्पितानं मागूनच विचारलं.

"माझ्या मुंजाजीनं जीप आणलीय. पर मी जाऊ देणार न्हाई. आधी आसरांचं बघा. कोप घेऊन वेस वलांडली तर लेकरू वाटंतच जाईल माझं."

मी गॅस बंद केला. तिघी धावतच गल्लीत गेलो. जीपच्या मागच्या सीटवर सविता आडवी, ओठ दातांखाली धरलेला, चेहरा घामानं थबथबलेला. कडूबाई जाऊन थेट जीपसमोर उभी राहिली. मुंजाजी आईपुढे हात जोडत होता, "माय, टाइम न्हाई गं! सरक की!"

"सरकत न्हाई. माझ्या अंगावरून घाल."

माणसं जमली होती. कोणीतरी बोललं, "ह्या पोरीला बारवंत उतरू दिलं तवाच म्हणलं हुतं मी." मी तोंड उघडलं, "अहो कडूबाई, दगडांचा अन् कळांचा काय..." आणि गप्प झाले. तिच्या डोळ्यांत राग नव्हताच. नुसती भीती होती, आणि भीतीशी वाद घालण्यात सविताचा वेळ जात होता.

अर्पिता पुढे झाली. आता ही विज्ञान सांगणार आणि लोक हिच्यावर तुटून पडणार, म्हणून मी तिचा दंड धरला. तिने तो सोडवून घेतला.

"काकू, हात मी लावला ना? मग कोप माझ्यावर. मी जाऊन आसरांपुढं बसते. वहिनीचा निरोप येईस्तोवर उठणार नाही. तुम्ही माझ्यावर पहारा ठेवा. पण गाडी जाऊ द्या."

"अन् उठलीस तर?"

"तर पुन्हा मला बारवेत उतरू देऊ नका. कधीच."

कडूबाईनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग ती बाजूला सरली. जीप परभणीच्या रस्त्याला लागली.

अर्पिता तळाच्या पायरीवर कोनाड्यासमोर बसली. कडूबाई वरच्या पायरीवर, मुठीत फोन घट्ट धरून. मी दोघींच्या मध्ये. ऊन भिंतीवरून खाली उतरलं, अर्पिताच्या डोक्यावर आलं. तिने ओढणी घेतली, पण जागा सोडली नाही. फोन वाजेना. कडूबाई त्याला पुन्हा पुन्हा उलटापालटा करून बघत होती.

"कडंच्या दगडावर वरचा शेंदूर माझ्या हातचा हुता," ती एकदम म्हणाली. "गावात लेकरू जगलं की त्याच्या घरची बाई यिऊन शेंदराचा एक हात देती. माझा हात मुंजाजीच्या येळचा. त्याच्या खाली माझ्या सासूचा, मालक जलमले तवाचा. त्याच्याबी खाली कोणाकोणाचा, कोणाला ठावं. तू समदं नालीला लावलंस."

अर्पिताचा चेहरा उतरला. ती त्या लख्ख दगडांकडे वळली.

"मला वाटलं, ते नुसतं वर साचलंय."

"साचलंच हुतं. आमी साचू दिलं हुतं."

तेवढ्यात फोन वाजला. कडूबाईनं तो न उचलता माझ्याच हातात दिला. पलीकडे मुंजाजी होता. "मायला सांगा, कळा थांबल्यात. लेकरू पोटातच हाय, ठीक हाय. डॉक्टरीण म्हणती, आठ दिस हितंच ठिवायचं. अजून उशीर झाला असता तर अवघड हुतं."

मी जसंच्या तसं सांगितलं, शेवटचं वाक्यसुद्धा. कडूबाईनं पदर तोंडात कोंबला. मग डोळे पुसून खाली बघत ओरडली, "ऊठ गं आता! पायाला मुंग्या आल्या असतील."

अर्पिता उठली नाही. मान वर करून म्हणाली,

"काकू, बाळाचा शेंदूर लावायला याल, तेव्हा मला बोलवा. मी हात लावणार नाही. नुसती बघेन."