निनावी तक्रार आणि माझे जेठ

चहा ठेवा बाजूला. मी जी माती खाल्ली ती ऐकाल, तर घोट घशाखाली उतरायचा नाही!

लग्न होऊन सौसरला आले आणि इथल्याच संत्र्याच्या ज्यूसच्या कारखान्यात तपासणीला लागले. नोकरी लावून दिली जेठांनी, म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावानं. ते तिथं सुपरवायझर. आता, आपल्याकडं सून जेठांचं नाव घेत नाही, तुम्हाला माहीतच आहे. तोंडावर तर नाहीच, पाठीमागंही नाही.

एक दिवस पाहते तर काय! मुदत संपलेल्या बाटल्यांवरची तारीख पुसून जेठ नवी छापून घेऊन राहिले! आणि त्या बाटल्या चालल्या कुठं? गावोगावच्या शाळांत. लेकरांच्या पोटात!

त्याच आठवड्यात मुख्य ऑफिसातून एक साहेब आचारसंहिता शिकवायला आले होते. "गैरप्रकार दिसला की हेल्पलाइनवर सांगा. तुमचं नाव गुप्त राहील. कोणी त्रास देणार नाही." मी बावळट! विश्वास ठेवला. जेवणाच्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागं जाऊन फोन लावला.

"तुमचं नाव नको ताई, करणाऱ्याचं सांगा."

आली का पंचाईत! मी खुणाच सांगायला लागले.

"ते... दर शनिवारी जामसांवलीच्या हनुमानाला जातात ते."

"अहो, नाव?"

"मिशीवाले. पांढुर्ण्याचे जावई."

"ताई, उखाणा घेऊन राहिल्या का? नाव सांगा ना!"

"कसं सांगू जी? जेठ आहेत माझे!"

"बरं, तसंच लिहितो."

आणि बेट्यानं तसंच लिहिलं!

सोमवारी कॅन्टीनमध्ये साहेबांनी वाचून दाखवलं, "तक्रारदाराचं नाव गुप्त आहे. आरोप तक्रारदाराच्या जेठांवर आहे." जिचे जेठ याच कारखान्यात, अशी सून किती? एकच! माझ्यासकट सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

घरी हे म्हणाले, "काय करून ठेवलं वं हे? राहायचं ना आपल्याला या घरात?"

पांढुर्ण्याच्या वकिलांना विचारलं, गैरप्रकार उघड करणाऱ्याला वाचवणारा कायदा आहे म्हणतात, तो मला वाचवेल ना? ते म्हणाले, "तो कायदा सरकारी कारभारासाठी, बाई. तुमच्याकडं कंपनीची आचारसंहिता आहे, ती धरून ठेवा." धरली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. काडी निदान तरंगते तरी!

शेवटी चौकशी बसली. समोर जेठ. साहेब म्हणाले, "घाबरू नका. त्यांचं नाव तुमच्या तोंडून येऊ द्या, लगेच कारवाई करतो."

एक शब्द हो! शाळेतली लेकरं डोळ्यांपुढं आली. तोंड उघडलं... आणि हात गेला डोक्याकडं. पदर कुठला? कारखान्याची जाळीची टोपी होती. तीच ओढली कपाळापर्यंत आणि बसले फरशीकडं पाहत.

निकाल लागला: आरोपीची ओळख पटली नाही, प्रकरण बंद. आणि खोटी तक्रार केली म्हणून नोकरी गेली ती माझीच! बाटल्यांची गाडी संध्याकाळीच शाळांकडं निघाली.

घरी आले तर जेठ ओसरीवर बसून सासूबाईंना मोठ्या कौतुकानं सांगून राहिले, "माय, सून खानदानी आणली वं तुनं! नोकरी गेली तिची, पण माझं नाव नाही घेतलं."