कोल्हा आली

पत्राच्या शेवटी ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ लिहायचं असतं, असं आमच्या गुरुजींनी शिकवलं होतं. मी ते आधीच लिहून टाकते. माझं अक्षर वाकडं आहे, ओळी खाली उतरत जातात, आणि पहिली वेलांटी कुठे, दुसरी कुठे हे चौथीत कळलं नाही ते अजून कळलेलं नाही. चौथीच्या पुढची शाळा आमच्या गावात नव्हती. हे कुणी वाचणार नाही, तरी माफी मागून ठेवलेली बरी. मला सवय आहे. एक चूक मात्र मी जाणूनबुजून ठेवणार आहे. मी ‘कोल्हा आली’ असंच लिहिणार आहे. ते माझ्या पुतणीचं वाक्य आहे, आणि तिचं बरोबर होतं.

आमचे हे लंडनमध्ये ईलिंगला एका रेस्टॉरंटमध्ये स्वयंपाकी होते. हे गेल्यावर ह्यांचे थोरले चुलतभाऊ, ज्यांना मी दादा म्हणते, त्यांनी मला पिनरला आपल्या घरी आणलं. दुसऱ्या कुणी आणलं नसतं, हे लिहिलंच पाहिजे. स्वयंपाकघरामागची खोली मला दिली. आधी तिथे सायकली आणि कपड्यांचं मशीन असायचं. मशीन अजून आहे. खिडकी मागच्या गार्डनकडे उघडते. घरातला स्वयंपाक, झाडलोट मी करते, आणि आजूबाजूच्या मराठी घरांसाठी पोळ्या लाटते. ऑफिसमधून येणारी मंडळी स्टेशनवरून घरी जाताना दाराशी थांबतात, फॉइलची पुडकी घेतात आणि जातात. त्यांच्याशी फार बोलावं लागत नाही. माझं इंग्रजी म्हणजे सॉरी आणि थँक्यू, आणि मराठीसुद्धा माझ्या तोंडून सुखासुखी निघत नाही.

आमचं गाव कर्नाटकाच्या सीमेवर. तिकडे सकाळी कोल्ह्याचं तोंड दिसणं भाग्याचं समजतात. कुणाला न मागता काही मिळालं की आई विचारायची, “आज कोल्ह्याचं तोंड बघून उठलास काय रे?” गावात मी कोल्हा नुसता ऐकला होता. पाहिला इथे. सकाळी चहाचं आधण ठेवताना समोर कुंपणावरून चालत यायचा, गवतावर बसून मान खाजवायचा, खिडकीकडे बघायचा. पळून जायची घाई नाही. मी ताईंना, म्हणजे माझ्या जाऊबाईंना, आईचं ते बोलणं सांगितलं.

“भाग्य कसलं डोंबलाचं,” ताई म्हणाल्या. “मेला रोज कचऱ्याची बिन उपसून ठेवतो. कौन्सिलला फोन केला तर म्हणतात, आम्ही काही करत नाही.”

मी तरी रोज बघत राहिले. तो येत होता तोवर रोज सकाळी त्याचं तोंड बघूनही माझ्या दिवसात काही फरक पडला नाही. गावाकडचं भाग्य बहुतेक तिथल्याच कोल्ह्यांकडे असतं.

त्या घरातल्या माझ्या पहिल्याच जानेवारीत एका संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते आणि बाहेर बाई किंचाळली. खरोखर बाईच, कुणीतरी मारत असल्यासारखी. माझ्या हातात लाटणं तसंच राहिलं. घरात कुणी मान वर केली नाही. पुतणी, दादा-ताईंची मुलगी, टेबलावर अभ्यास करत होती. ती म्हणाली, “काकू, डोन्ट वरी, फॉक्स आहे. ते तसंच ओरडते.” मी पुन्हा लाटायला लागले. पण खरंच एखादी बाई ओरडली असती तरी इथे सगळ्यांना कोल्हाच वाटला असता, हे तेव्हा मनात आलं ते गेलंच नाही.

पुतणी इथेच जन्मलेली. तेव्हा अकरा वर्षांची होती. माझ्याशी मराठी बोलणं तिला खेळासारखं होतं. तो, ती, ते यांचा तिच्याकडे काही हिशोब नव्हता. एक दिवस शाळेतून आली, बॅग टाकली आणि खिडकीला नाक लावून म्हणाली, “काकू, लवकर ये! कोल्हा आली!”

“आला म्हणावं,” मी म्हटलं. “तो कोल्हा. कोल्हा आला.”

“का पण?”

“का म्हणजे? तो कोल्हा, ती कोल्हीण.”

“मग ही ती आहे. बघ ना तिचं पोट.”

मी बघितलं. पोटाखाली सड लोंबत होते, भोवतालचे केस गेलेले. पिल्लं पाजणारी मादी होती. चौथी शिकलेली मी तिला व्याकरण शिकवत होते, आणि तिने नुसतं डोळ्यांनी बघितलं होतं. त्या दिवसापासून आम्ही दोघी ‘कोल्हा आली’ असंच म्हणायला लागलो. ताईसुद्धा चिडवायच्या, “आली का गं तुमची कोल्हा?”

पिल्लं डेकिंगच्या खाली होती. डेकिंग म्हणजे मागच्या दारासमोर गवतावर टाकलेला लाकडी फळ्यांचा ओटा. फळ्या कुजल्या होत्या. ईस्टरनंतर ते उखडून फरशी घालायची, हे दादांनी आधीच ठरवलं होतं आणि बिल्डरला पैसेही दिले होते. पिल्लं तीन. अंगाचा रंग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा, डोळे निळे. दुपारी घर रिकामं झालं की बाहेर येऊन एकमेकांच्या अंगावर पडायची. ह्यांच्या रबरी चपला मी मागच्या दाराशी ठेवल्या होत्या. घालायला कुणी नव्हतं, पण दाराशी चपला असल्या की बरं वाटायचं. त्यातली एक नाहीशी झाली. दोन दिवसांनी ती मला पिल्लांच्या तोंडात दिसली. दोघं दोन बाजूंनी ओढत होती, तिसरं वर बसलं होतं. मी खिडकी वाजवणार होते. वाजवली नाही. हे गेल्यापासून त्या चपलेला माझ्याशिवाय कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

बिल्डर माप घ्यायला आला तेव्हा फळ्यांखालून कुईकुई ऐकू आली. तो म्हणाला, एकदोन महिने थांबा, आपोआप जातील. पण तारीख सोडली तर दिलेलं डिपॉझिट बुडेल, आणि पुढची तारीख सप्टेंबरात. नाहीतर हाकलून देणारा एक माणूस त्याच्या ओळखीचा होता.

रात्रीच्या जेवणाला तोच विषय.

“हाकलणार म्हणजे पिल्लांचं काय करणार?” पुतणीने विचारलं.

“तो बघेल,” दादा म्हणाले.

“डॅड, दॅट्स हॉरिबल.”

“सहाशे पाउंड आहेत बाळा, ते जास्त हॉरिबल आहे. लावा मग कोल्ह्यांना भाडं.”

मी पोळी वाढत होते. दादांसमोर मी बोलत नाही. त्या घरात राहायला आल्यापासून मी कुणाकडे काही मागितलं नव्हतं, मीठसुद्धा. पण तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “सप्टेंबरपर्यंत थांबूया का?”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

“आणि डिपॉझिट?” ताई म्हणाल्या.

“मी देईन. पोळ्यांच्या पैशातनं. हळूहळू.”

दादा हसले. “कोल्हा काकडीला राजी म्हणतात, इथे काकडीच कोल्ह्याला राजी झालीय.” ताईही हसल्या. पण त्या वाईट नाहीत. म्हणाल्या, “बरं, एवढं तोंड उघडलंयस तर थांबू. दे सावकाश.” पुतणीने टेबलाखालून माझा हात दाबला. अजून कधी कधी तो हात मला तसाच जाणवतो.

मेच्या सुरुवातीला पुतणी शाळेतून आली ती बॅग खांद्यावर तशीच ठेवून उभी राहिली. “काकू, ती कोल्हा रोडवर आहे,” म्हणाली आणि जिना चढून गेली.

मी मोठ्या रस्त्यावर गेले. बसस्टॉपच्या जरा पुढे कडेला ती होती, झोपल्यासारखी. शेपटीचा एका बाजूचा गोंडा खरजेने गेलेला होता, त्यावरून ओळखली. स्टॉपवरची माणसं फोन बघत होती. हात लावावा की नाही कळेना, म्हणून मी नुसती उभी राहिले. बस आली. ड्रायव्हरला वाटलं मी बससाठीच उभी आहे. त्याने दार उघडलं आणि माझ्याकडे बघत थांबला. मी सॉरी म्हटलं. दार मिटलं, बस गेली. थोड्या वेळाने मीही घरी आले. दुसऱ्या दिवशी तिथे काही नव्हतं.

पिल्लांना मी अंडं कुस्करून, पोळी भिजवून, कोंबडीच्या तुकड्यांबरोबर ठेवायला लागले. सुरुवातीला बाहेरच येईनात. मग मोठी दोन आली, खाल्लं, माझ्या पायांकडे बघून परत पळाली. तिसरं आलं नाही. मी पालथी पडून फळ्यांच्या फटीतून बघितलं, अंधाराशिवाय काही दिसलं नाही. जूनमध्ये ती दोघंही दिसेनाशी झाली. “मोठी झाली की जातातच,” दादा म्हणाले. तसंही असेल. पण ती पुरती मोठी झाली नव्हती.

सप्टेंबरात फळ्या निघाल्या. खाली बॅडमिंटनची फुलं, एक हातमोजा, ताईंचा हरवलेला चमचा, ह्यांची अंगठ्याशी कुरतडलेली चप्पल, आणि तिच्याजवळ वाळून फडक्याच्या बोळ्यासारखं झालेलं ते तिसरं पिल्लू. बिल्डरने सगळं एका काळ्या पिशवीत भरलं. चप्पल मागावीशी वाटली. दुसरी माझ्याकडे होती. पण मला मागायचं एकदाच जमलं होतं.

आता मागे करड्या फरश्या आहेत, कुंपणाच्या तळाशी काँक्रीट आहे. पाणी पडलं की लगेच सुकतं. कोल्हे येत नाहीत.

पैसे मी दर महिन्याला देत राहिले. ताई म्हणाल्या होत्या, फ्रिजवरच्या बिस्किटाच्या डब्यात टाकत जा, म्हणून तिथेच टाकायचे. कधी पाच, कधी दहा, दिवाळीत पुरणपोळ्या झाल्या की वीस. मध्ये माझे गुडघे गेले तेव्हा बरेच महिने काहीच टाकता आलं नाही. मधल्या काळात पुतणी मोठी झाली, दार लावून बसायला लागली, मग युनिव्हर्सिटीला गेली. मागे एकदा ताईंना तिचा फोन आला होता तेव्हा त्यांनी तो माझ्या कानाला लावला. पुतणी म्हणाली, “काकू, कशी आहेस? अगं, आमच्या हॉस्टेलच्या मागे काल एक कोल्हा आला होता.”

आला होता. बरोबर बोलली. मी म्हटलं, “हो का?” आणि फोन ताईंकडे दिला.

गेल्या शुक्रवारी शेवटचे वीस राहिले होते. हे तरी हातात द्यावेत असं वाटलं. ताई टेबलाशी चष्मा लावून भाजी निवडत होत्या. मी नोट त्यांच्यापुढे ठेवली.

“हे कशाचे गं?”

“राहिलेले.”

“कसले राहिलेले? डब्यात टाकतेस ना तू घरखर्चाचे?”

“ते घरखर्चाचे नव्हते, ताई. कोल्ह्यांचे होते. डिपॉझिटचे.”

ताईंनी चष्मा काढला. आठवलं तसं म्हणाल्या, “अगं बाई. ते अजून देत होतीस? मी तर दुधाला, कशाला, काढत गेले त्यातलं. मला वाटलं…” नोटेवर मेथीचं पान पडलं होतं, ते त्यांनी बोटाने बाजूला केलं. नोट परत करावी का, असा विचार त्यांच्या तोंडावर आला आणि गेला. मग त्यांनी ती घडी करून पर्समध्ये ठेवली.

“फिटले ना मग?” त्या म्हणाल्या.

“हो,” मी म्हटलं. “फिटले.”