दात दाबले की येणारं हसू

"डाव्या अंगानं या गुरुजी, इकडं मी हसून राहिले." खिचडीच्या पातेल्यामागून मावशी असं म्हणायची आणि चेहरा वळवायची. लहानपणी कानामागं गळू झालं, तेव्हापासून तिचा उजवा गाल मेलेला. हसली की डावा गाल फुलायचा, उजवा ओठ तसाच लोंबायचा. सेनगावजवळच्या आमच्या शाळेत ती स्वयंपाकाला होती आणि मी मास्तर. 'अर्धी मावशी' हे नाव मीच पाडलं. पोरांनी उचललं, मग गावानं. माझी जीभ तिखट, आणि तेव्हा मला त्याचा अभिमानही होता.

तिची हौस एकच होती. नवऱ्याशेजारी उभं राहून एक सरळ हसरा फोटो काढायचा. लग्नाच्या सगळ्या फोटोंत तिनं पदर तोंडावर धरलेला. नवरा जीप चालवायचा, अबोल माणूस. त्याला फोटोचं काही पडलं नव्हतं.

मोठ्या शहरातल्या दवाखान्यात असलं ऑपरेशन होतं, हे मीच तिला सांगितलं आणि दोघांसोबत गेलोही. मला भला समजू नका, पाडलेलं नाव टोचत होतं एवढंच. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. इतक्या वर्षांत गालाचे स्नायू वाळून गेलेत, म्हणून मांडीतला स्नायू काढून गालात बसवायचा आणि त्याला चावायची नस जोडायची. दात दाबले की हसू येणार. सरावानं पुढं दात न दाबताही जमेल, असं ते म्हणाले.

"म्हंजी हसायचं तर चावायचं?" मावशीनं बाहेर आल्यावर विचारलं.

ऑपरेशननंतर पाच महिने गाल दगड होता. मग एका सकाळी तांदूळ निवडताना ओठाचा कोपरा हलला. तेव्हापासून मधल्या सुट्टीत पोरं जेवून पांगली की ती आरसा धरून बसायची आणि मी मास्तरकी करायचो. दाबा, सोडा. दाबा, सोडा. वर्षभरात हसू बराबर जमलं. दात न दाबता मात्र कधीच जमलं नाही. शाळेच्या फाटकात मी माझ्या मोबाइलवर दोघांचा फोटो काढला आणि नवऱ्याला पाठवला. तिचं बघून नवराही हसला होता.

दोन महिन्यांनी त्याची जीप उलटली.

अंगणात प्रेत ठेवलेलं. बायकांनी मावशीला शेजारी बसवून बांगड्या फोडायला घेतल्या. लहानपणी रडताना तिचं तोंड वाकडं व्हायचं आणि पोरं हसायची, म्हणून ती जन्मभर दात आवळूनच रडत आली. दगड मनगटावर बसला. तिनं दात आवळले. उजवा गाल वर चढला, मी शिकवला होता तसा.

"हसून राहिली गं ही," सासू म्हणाली. "लेकरू माझं समोर पडलंय, अन् ही हसून राहिली."

मावशी घाबरली, तिनं दात आणखी घट्ट आवळले. हसू आणखी रुंद झालं. कोणीतरी मोबाइल काढला. ती गर्दीत मला शोधत होती.

ऑपरेशन गावाला माहीत होतं. दातांचं फक्त तिला, नवऱ्याला आणि मला. दोन वाक्यांचं काम होतं. पण दुसऱ्याच्या बायकोच्या हसण्याबद्दल मास्तरला एवढं कसं ठाऊक, असं कोणी विचारलं तर? मी मान खाली घातली. भ्याड, दुसरं काय!

तेराव्याच्या बॅनरवर फाटकातलाच फोटो होता. तिला कापून काढलं होतं. नवऱ्याच्या बाहीशी तिच्या पदराचा काठ तेवढा राहिला होता.

सासरच्यांनी तिला कुरुंद्याला भावाकडं धाडून दिलं. गेल्या महिन्यात मी तिथं गेलो, माफी मागायचं ठरवून. दारात हळद निवडत बसली होती. मला बघताच तिनं उजवा गाल भिंतीकडं केला. माझं सगळं बोलणं तिनं ऐकून घेतलं.

"हे तवा बोलायचं व्हतं, गुरुजी," एवढंच म्हणाली.

भावजयीनं दोघांपुढं भाकरी ठेवली. मावशीनं आपली भाकर वाटीतल्या पाण्यात भिजवली, बोटांनी पार लगदा केला, आणि न चावता गिळायला लागली.