गाडी मी चालवत होते

बेबीताईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते गाडीच्या पुढच्या काचेतून. रस्त्याच्या अगदी कडेने, पांढऱ्या पट्ट्याच्याही बाहेरून त्या चालल्या होत्या. डोक्यावर पदर, हातात नायलॉनची पिशवी. मी "अहो" एवढंच म्हणू शकले. पुढच्या क्षणी त्या काचेत नव्हत्या.

आम्ही वाशिमचं लग्न उरकून रिसोडला परत येत होतो. फेब्रुवारीतली दुपार, साडेचारचा सुमार. माझ्या नवऱ्याचं, विकासचं, रिसोडला बी-बियाण्यांचं दुकान आहे. एरवी माणूस इतका बेताचा की चहात साखर पडली नाही तरी बोलत नाही. पण लग्न म्हटलं की मांडवामागे कुणाच्या तरी गाडीत 'बसणं' होतं, आणि तोही बसतो. उठला तेव्हाचे त्याचे डोळे मी पाहिले होते. मग मी काय केलं? शेजारी बसले, पट्टा लावला आणि म्हणाले, "सावकाश चालवा." वीस वर्षांच्या संसारात मी उच्चारलेलं सगळ्यात निरुपयोगी वाक्य तेच असावं, आणि या बाबतीत माझ्याकडे स्पर्धा कमी नाही.

रिठदजवळ गाडी रस्त्याखाली उतरली, बेबीताईंना उडवून बाभळीवर आदळली. मी डाव्या दाराने उतरून धावले. अंगावर पैठणी होती. वाकताना मी निऱ्या वर धरल्या. पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळलेला असतानाही त्या बाईने ते पाहिलं आणि म्हणाली, "बाई, लुगडं सांभाळा, रगत लागन."

माणसं जमली, कुणीतरी जीप थांबवली, बेबीताईंना रिसोडला हलवलं. तेवढ्यात विकासने आमच्या ओळखीचे वकील रामराव यांना फोन लावला होता. तो त्याने माझ्या हातात दिला.

"वहिनी, तुमी तं घेतली नाही न?"

"काय?"

"थेच, दारू."

"काहीतरीच काय!"

"अन् लायसन हाये न तुमच्याजवळ?"

होतं. चार वर्षांपूर्वी लग्नाच्या वाढदिवसाला विकासने एका एजंटाकरवी मला ते काढून दिलं होतं. इतर बायकांना साडी मिळते. परीक्षेच्या दिवशी मी गाडी दहा हात पुढे नेली, तीही शेजारच्या माणसाचे पाय दुसऱ्या ब्रेकवर असताना. त्यानंतर ते लायसन मी फक्त पत्त्याचा पुरावा म्हणून वापरलं.

"मंग झालं," रामराव म्हणाले. "गाडी तुमी चालवत होत्या. हे पाहा, पिऊन चालवली याचं कलम येगळं, सहा महिने नाहीतर दहा हजार दंड, नाहीतर दोन्ही. वरून बाईचं हाड मोडलं, त्याचे तीन वर्सापर्यंत. तुमी चालवत असान तं पयलं कलम उडालंच. दुसऱ्यात बाईमाणूस पाहून साहेब दंडावर सोडतीन."

आता हे सांगताना मला म्हणता आलं असतं की मी घाबरले होते, म्हणून हो म्हटलं. खरं असं की मला छान वाटलं. जेलमधून नवरा सोडवून आणायचा होता, वडाला फेऱ्याही न मारता. माझ्यात इतकी वर्षं एक सावित्री उपाशी बसली होती, हे मला त्या दिवशी कळलं.

ठाण्यात जमादार फुलसिंग यांनी माझा जबाब लिहून घेतला. त्यांनी एकच अवघड प्रश्न विचारला.

"गिअर कोन्ता होता?"

"मधला," मी म्हणाले.

फुलसिंगांनी माझ्याकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं आणि काहीच लिहिलं नाही. मी खाली सही केली. सही मात्र झोकात आली.

इकडे विकासच्या कपाळाला स्टेअरिंग लागून खोक पडली होती. टाके घालणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंनी कागदावर 'तोंडाला दारूचा वास' असं लिहिलं. बेबीताईंचा मुलगा धम्मपाल एसटीच्या वर्कशॉपमध्ये आहे. तो अंगावरच्या खाकी कपड्यांनिशी येऊन अडून बसला, तेव्हा पोलिसांनी विकासचं रक्तही काढायला लावलं. रामराव म्हणाले, काढू द्या, शेजारी बसून यायला कायद्याची हरकत नाही.

म्हणजे सगळं माझ्या एका वाक्यावर उभं होतं. रक्त होतं, कागद होता, मोडलेला पाय होता; फक्त ड्रायव्हर म्हणून मी होते.

दुसऱ्या दिवशी माझ्या सासूबाईंनी, प्रयागबाईंनी, फर्मान काढलं. "रोज डबा ने त्या बाईले. पोटात अन्न गेल्यावर माणूस वाकडं बोलत नाही." आणि बाजारातून नवा डबा आणायला लावला. घरात पाच डबे होते. नवा कशाला, हे मी विचारलं नाही. कारण मला माहीत होतं. आणि ते मला माहीत आहे हे कुणाला कळू नये, इतपत मी सुधारलेली होते.

बेबीताई एका हाडाच्या दवाखान्यात कोपऱ्यातल्या खाटेवर होत्या. पायात सळई घातली होती. वय पंचावन्नच्या आसपास, काटक, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे नाही तर हातांकडे बघण्याची सवय. मी डबा उघडून वाढला. त्यांनी पहिला घास घेतला, बोटांनी वरण ढवळलं.

"हे वरण हाये?"

"हो."

"डाळ कधी येते याच्यात?"

अशी आमची ओळख झाली. बावीस वर्षं त्या गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवत होत्या. एकशे चाळीस पोरं. मीठ तळहातावर घेऊन टाकायच्या, चमचा वापरणाऱ्यांचा त्यांना भरवसा नव्हता. नवरा गेल्यावर धम्मपालला त्याच पगारावर शिकवला. पगार किती, ते त्यांनी सांगितलं तेव्हा मी डब्याचं झाकण पुसत बसले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी डब्याकडे पाहिलं.

"नवा हाये."

"हो, म्हणजे... जुना जरा लहान होता."

"हौ." त्या भाकरी मोडत म्हणाल्या, "मी शाळेत लागली तवा पंधरा पोरं घरून डबा घेऊन येत. माह्या हातचं चालत नव्हतं त्यायच्या मायबापाले. मी काई बोलली नाही. फोडणी देतानी खिडकी तेवढी उघडी ठेवली. दिवाळीपर्यंत डबे बंद."

"वा!" मी म्हणाले.

"वा काय? तुमचा चालू हाये न अजून."

त्या संध्याकाळी मी तो डबा घरच्या भांड्यांत घासला आणि मांडणीवर पुढेच ठेवला. सासूबाईंनी पाहिलं. मला क्रांती केल्यासारखं वाटलं. माझ्या क्रांत्या एवढ्याच मापाच्या असतात; मांडणीवर मावतात.

दहाव्या दिवशी मी निघाले तेव्हा बेबीताई म्हणाल्या, "बसा. फुलसिंग दोनदा येऊन गेले, माह्या जबाबासाठी. मी म्हटलं, डोकं दुखते, मंग या. आता किती दिवस दुखवू?"

मी डब्याचं झाकण पुन्हा एकदा घट्ट लावलं.

"तुमी डाव्या दारानं उतरल्या होत्या," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी खाली पडली होती, आंधळी नव्हती झाली."

"ताई..."

"ऐका. मी सांगतलं तं लोक म्हणतीन, पैशापायी बोलते. दुसरे म्हणतीन, जातीचं भांडण लावते. तुमी म्हणान मी चालवत होती, मी म्हणन नाही. मंग दोघींत खोटी कोन, हे ठरवाले गाव बसन. तुमाले वाटते का तिथं मी जितन?"

मला वाटत नव्हतं. हे कबूल करायलाही मला भिंतीकडे बघावं लागलं.

"मले पाय मोडला याचा राग हाये. पण खोटी ठरली तं धम्मपालले इथं तोंड वर करून राहाता येनार नाही. तुमी सांगतलं तं कोनाले काई बोलाले जागाच नाही. म्हणून थांबली."

"त्यांना तीन वर्षं होऊ शकतात हो ताई."

"हौ? अन् माह्या पायाले किती झाले?"

डॉक्टर म्हणाले होते, सहा महिने चुलीपुढे उभं राहायचं नाही. पुढचं पुढे बघू. शाळेत दुसरी बाई लागलीही होती. ती मीठ चमच्याने घालते, ही बातमी बेबीताईंनी मला आधीच दिली होती, रडायच्या जागी.

मी लगेच ठाण्यात गेले असं लिहायला मला आवडलं असतं. मी घरी गेले आणि दोन दिवस स्वयंपाकघरातले डबे रिकामे करून धुतले. जिरं कुठे, मोहरी कुठे, कुणाला सापडेना. तिसऱ्या दिवशी सकाळी विकासला म्हणाले, "मी खरं सांगणार आहे."

त्याने दाढीचा ब्रश खाली ठेवला. "रामरावले विचारू."

"तुमचं काय म्हणणं?"

"माह्यं?" तो आरशात बघत राहिला. "मले आठवते सगळं. ब्रेक सापडलाच नाही पायाले." ब्रश पुन्हा उचलत म्हणाला, "पण रामरावले विचारू."

सासूबाई दारात उभ्या होत्या. "पोरी, नवऱ्याले जेलात धाडून तू कोनच्या पंगतीले बसशील?" त्या ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या खरंच विचारत होत्या. मी चपला घातल्या.

फुलसिंग चहा पीत होते.

"मला जबाब बदलायचा आहे."

"घरी विचारलं का?"

"विचारलं. म्हणूनच आले."

"बाई, पयला जबाब खोटा होता म्हटलं तं गुन्हा तुमच्यावर बी होते. गुन्हेगाराले वाचवाले खोटी माहिती देली म्हणून."

"होऊ द्या," मी म्हणाले. हे मी मोठ्या शौर्याने म्हणणार होते. आवाज ऐन वेळी उंदरासारखा निघाला.

"अन् आता हे खरं कशावरून मानू?"

"मला गाडी मागे घेता येत नाही."

"बरं."

"पुढेही येत नाही."

या वेळी त्यांनी लिहिलं. त्याच दुपारी बेबीताईंचं डोकं दुखायचं थांबलं आणि त्यांनीही जबाब दिला. मी डबा घेऊन गेले तेव्हा वाटलं होतं, हात बित धरतील. त्या म्हणाल्या, "तीन दिवस लागले तुमाले," आणि झाकण उघडून वरणाचा वास घेतला. "आज बरं हाये."

पावसाळा संपता संपता कोर्टात आम्हा दोघांवरच्या गुन्ह्यांची पहिली तारीख लागली. विकासचं लायसन जमा होतं, माझं असून नसल्यासारखं; आम्ही दोघं एसटीने गेलो. घरात बोलणं चालू होतं, पण दूध-भाजीपुरतं. कोर्टाबाहेरच्या बाकावर विकास बसला होता. रामराव त्याला पढवत होते की साहेबांनी गुन्हा कबूल का विचारलं तर नाही म्हणायचं. तेवढ्यात धम्मपालच्या आधाराने, वॉकर टेकत बेबीताई आल्या. विकास उठून उभा राहिला. दवाखान्यात तो एकदाही गेला नव्हता. रोज मला फाटकापर्यंत सोडून परतायचा.

बेबीताई त्याच्या जागेवर बसल्या. त्याच्या हातांकडे बघितलं.

"तुमीच का ते?"

"हौ."

"काहून पेले होते इतके?"

रामरावांनी खाकरून पाहिलं. विकास म्हणाला, "लग्न होतं."

"कोनाचं?"

"दुकानाच्या ओळखीतल्याच्या पोरीचं."

"पोरीचं नाव काय?"

विकासने माझ्याकडे पाहिलं. मी आठवून पाहिलं. मांडव आठवला, जेवणातली बुंदी आठवली, माझ्या साडीला कोण कोण काय म्हणालं तेही शब्दनशब्द आठवलं. नवरीचं नाव मलाही येत नव्हतं.

विकास वळला आणि रामरावांना म्हणाला, "मी हौ म्हणनार हाये."

"काय हौ?"

"कबूल म्हणून."

रामरावांच्या हातातली फाईल खाली आली. ते काही बोलणार तोच शिपायाने दारातून पुकारा केला, आधी विकासच्या नावाचा, मग माझ्या. तो आत गेला. मी त्याच्यामागे गेले.