गाडी आली

'गाडी आली!' अशी आरोळी उठली की आमच्या बाजारात रस्त्यावर बसणाऱ्या बायका कापडाची चारी टोकं उचलतात आणि भाजीसकट बोळात पळतात. महापालिकेची गाडी गेली की परत येऊन बसतात. मला याची इतकी सवय झालेली, की तेवढा वेळ मी मोबाइल बघत उभा राहतो.

काल मेथीवाल्या मावशी उठल्याच नाहीत. गाडीवरच्या माणसांनी त्यांचं गाठोडं वर टाकलं, तेव्हा चाकावर पाय देऊन त्या स्वतःही वर चढल्या आणि गाठोड्याला टेकून बसल्या.

"मावशी, खाली उतरा."

"आता पळवत नाही रं बाबा. माल नेतोयस, तर मलाबी ने."

दूरच्या कुठल्याशा देशात एका फेरीवाल्याची हातगाडी हिसकावली आणि त्यातून राजवट कोसळली, असं मी कधीतरी वाचलं होतं. तेव्हा पटलं नव्हतं. क्रांती म्हटलं की माझ्या डोक्यात झेंडे, भाषणं. इथे तर एक बाई नुसती दमली होती. पण तिच्याकडे बघवेना आणि तिथून निघवेनाही.

मग बोळात सुखरूप पोचलेली लिंबूवाली परत आली. तिने आपलं गाठोडं आपल्याच हाताने गाडीत ठेवलं आणि मावशींशेजारी जाऊन बसली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

कोपऱ्यावर पुन्हा आरोळी उठली, "गाडी आली!" दुसरी गाडी वळत होती. बोळातून बायका गाठोडी घेऊन धावत सुटल्या. या वेळी गाडीच्या दिशेने.